मास्तरांच्या नावाची पट्टी

ता. ३, मंगळवार

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू लिहितेस की फोन घेत जा. अगं, फोनवर मला फक्त वारा ऐकू येतो. अडतीस वर्षं छापखान्याच्या मशीनशेजारी उभा राहिलो, तिनं कान खाल्ले. आपलं पत्रच बरं.

पण काल ती मशीन थांबली. बिघडली असती तर मी दुरुस्त केली असती. मालक दारात आले आणि त्यांनी हातानंच खूण केली की बंद करा, घरी जा. तोंडाला फडकं बांधलेलं, त्यामुळे ते काय बोलले ते कळलं नाही. ताई, माझी पंचाईत लक्षात येते का तुझ्या? इतकी वर्षं लोकांचे ओठ वाचून निभावलं. आता सगळं गाव ओठ झाकून फिरतंय. माझ्यापुरतं जग मुकं झालं.

समोरच्या न्हाव्याला परवा रुग्णालयाची गाडी घेऊन गेली. तीन दिवसांपूर्वी त्यानं माझे केस कापले होते. आज कळलं की तो गेला. चाळिशीचा धट्टाकट्टा माणूस. त्याच्या कात्रीचे दोनचार केस अजून माझ्या कॉलरला आहेत. मी सकाळपासून ते बघत बसलोय. काढून टाकायला हात होत नाही.

आमच्या लवंगीला मात्र सुट्टी नाही. शहराचं पाणी रोज तपासायलाच लागतं, त्यामुळे ती शुद्धीकरण केंद्रावर जाते. आली की कपडे थेट बादलीत आणि मग माझी तपासणी. वीस आकडे होईपर्यंत हात चोळायचे. माझ्या नखांत शाई आहे, ती मळ नाही, असं तिला सांगून थकलो. बाप कोण आणि लेक कोण, काही कळेनासं झालंय.

काळजी नसावी, पण काळजी घ्यावी. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
भाऊ

---

ता. ८, रविवार

चि. भाऊस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

न्हाव्याचं वाचून आधी तुझाच विचार आला. तो शर्ट आधी गरम पाण्यात घाल आणि तुला ताप, खोकला काही वाटलं तर त्याच दिवशी लवंगीला सांग. लपवू नकोस. लहानपणी पाय मोडला होता तेव्हा दोन दिवस लंगडत शाळेत गेला होतास, तो शहाणपणा आता नको.

माझं दुकान बंदच आहे. पण चष्मा फुटला तर माणसानं करायचं काय? म्हणून खिडकीतून देणंघेणं करते. मुखपट्टीमुळे प्रत्येकाच्या काचेवर वाफ धरते. लोक येतात आणि सांगतात की नंबर वाढला. मी पट्टी नाकावर नीट दाबून देते, की नंबर लगेच उतरतो. एवढंच हसू उरलंय या दिवसांत. काल आमच्या ओळीतल्या शिंप्याच्या घरातून एकाच दिवशी दोघांना नेलं. त्यांचं घर उघडंच राहिलं, शेवटी मी जाऊन कडी लावून आले.

खिडक्या उघड्या ठेव. पोटभर जेव, वेळेवर झोप. बाहेरच्या बातम्या दिवसातून एकदाच वाच. आणि एक ऐक. एका कागदावर ठळक अक्षरात लिही, की मला ऐकू येत नाही, कृपया लिहून विचारा. तो कागद खिशात बाळग. उद्या कुठे जायची वेळ आली तर सगळे मुखपट्टीत असतील आणि तू सवयीनं मान हलवशील. तुझी ती मान मला ठाऊक आहे. काही कळलं नाही की तू हो म्हणतोस.

लवंगीला म्हणावं, आत्या तुझ्या बाजूनं आहे, हात पंचवीस आकडे धुऊन घे.

जीव लावून राहा, पत्र पाठवत राहा.

तुझी,
ताई

---

ता. १७, मंगळवार

ती. आत्येस,
नमस्कार.

काल फोनवर तुला सांगितलं आणि पुढे बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

बाबा गेले, हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं.

गुरुवारी ताप आला. शुक्रवारी दुपारी धाप लागली म्हणून मीच गाडी बोलावली. गाडीत आधीच एक पेशंट आडवा होता. मला बसू दिलं नाही. बाबांची पिशवी आत टाकली, त्यात चष्मा आणि कानाचं यंत्र ठेवलं, कारण घाम आला की ते यंत्र नुसतं शिट्ट्या मारतं. तुझा तो कागदही त्यांनी लिहिला होता. पण तो आदल्या दिवशीच्या शर्टात राहिला, आणि तो शर्ट मी धुवायला टाकला होता. आत्या, मीच टाकला होता.

सोमवारी सकाळी रुग्णालयातून फोन आला. मी धावत गेले. एका लांब खोलीच्या दारात मला उभं केलं आणि समोर दहा पावलांवर स्ट्रेचर होतं. सगळं बांधून बंद केलेलं. चेहरा दाखवता येणार नाही म्हणाले. वर चिकटवलेल्या कागदावर बाबांचं नाव होतं. मी तिथूनच काय काय बोलले ते आठवत नाही. बाबांना एरवीही ऐकू येत नव्हतं, तरी मोठ्यानं बोलत होते. पोशाख घातलेल्या त्या दोन माणसांपैकी एकानं मान फिरवली. मग त्यांनीच नेलं, पुढचं सगळं त्यांनीच केलं. माझ्या हातात पिशवी दिली. चष्मा तसाच, यंत्र तसंच.

आज मला विलगीकरण केंद्रात आणलंय. इथे अकरा दिवस राहायचं. घराला कुलूप आहे. ताप नाही, खोकला नाही. रडूही येत नाही. मी नुसती हात धुते.

तुझी,
लवंगी

---

ता. २०, शुक्रवार

चि. लवंगीस,
आत्याकडून अनेक आशीर्वाद, आणि एक घट्ट मिठी, जी द्यायला रस्ते मोकळे नाहीत.

माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान होता. त्याला चालायला मी शिकवलं. आधी जायचा नंबर माझा होता, रांग मोडून तो पुढे कसा गेला, हेच मला उमगत नाही. काल एका गिऱ्हाइकाचा चष्मा हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. तोच बिचारा खिडकीतून म्हणाला की राहू द्या, नंतर येतो.

शर्टाचं मनाला लावून घेऊ नकोस. कपडे धुतलेस ते त्याच्याच जिवासाठी धुतलेस. असल्या गोष्टीचा दोष जो स्वतःवर घेतो तो आयुष्यभर ओझं वाहतो, आणि तुझा बाप तुला कधी जड पिशवीसुद्धा उचलू देत नव्हता.

जेव. भूक नसली तरी चार घास खा. रोज एकदा फोनवर नुसतं हूं म्हण, मला तेवढं पुरे. आता तू माझी आणि मी तुझी. प्रेम कमी पडू देणार नाही.

तुझी,
आत्या

---

ता. २५, बुधवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी बरा आहे.

अक्षर मोठं आणि वाकडं आलंय ते समजून घे. चष्मा नाही, कानाचं यंत्र नाही, पिशवीच कुठे गेली कळत नाही. मशीनवर जाण्याआधी मी खिळे जुळवायचो, एकेक अक्षर बोटांनी चाचपून ओळी लावायचो. त्या सवयीवर लिहितोय. एक चष्मा पाठवशील का? माझा नंबर तुझ्या वहीत असेल.

तुम्ही दोघी माझ्यावर रागावलात का? घरच्या पत्त्यावर दोन चिठ्ठ्या पाठवल्या, लवंगीचं उत्तर नाही. तिची तब्येत ठीक आहे ना? एवढंच मला ताबडतोब कळव. बाकी काही नको.

पहिले पाच दिवस कुठे होतो ते माहीत नाही. नाकात नळी, छातीवर जणू छापखान्याची मशीन. मग एका सकाळी खिडकीतून ऊन आलं आणि मला चहा प्यावासा वाटला. तिथून सुधारलो. आता नळी काढलीय. खोलीत चाळीस पावलं चालतो.

इथली माणसं फार चांगली. नखशिखांत झाकलेली, त्यामुळे कोण बाई, कोण बुवा कळत नाही. सगळी मला मास्तर म्हणतात. एका नर्सनं कागदावर हे एवढं मोठं लिहिलं, मास्तर, आज जेवलात का? वयाला मान देतात बहुधा. मी मान हलवतो.

लवंगी रागावली असली तरी वस्तू पाठवते हो. दर दोन दिवसांनी पुडकं येतं. परवा राखाडी स्वेटर आला, घरी विणलेला, इतका ऊबदार की मी अंगातून काढत नाही. पोरगी विणायला कधी शिकली? प्रत्येक पुडक्यात एक चिठ्ठी असते. बारीक अक्षर आहे, मला वाचता येत नाही. नर्स वाचून दाखवते, ते मला ऐकू येत नाही. मग मी सगळ्या चिठ्ठ्या उशीखाली ठेवल्यात. चष्मा आला की एकदम वाचीन. ताई, खरं सांगू? रात्री धाप लागली की त्या चिठ्ठ्यांवर हात ठेवतो. वाटतं, बाहेर कोणीतरी आपली वाट बघतंय, जायला हवं.

उत्तराची वाट बघतो. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
भाऊ

---

ता. २९, रविवार

ती. आत्येस,
नमस्कार.

काल तुझा फोन आला तेव्हा मी केंद्रातून निघायला सामान बांधत होते. तू एवढंच म्हणत होतीस की त्याचं अक्षर आहे, त्याचंच अक्षर आहे. मला वाटलं, आत्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मग तू पत्र वाचून दाखवलंस आणि माझ्या डोक्यावर झाला.

कुलूप उघडलं तर दाराखाली दोन चिठ्ठ्या. तशीच रुग्णालयात पळाले. मोठ्या नर्सबाईंना सांगितलं की माझे वडील जिवंत आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. अशी बोलणारी मी पहिली नसणार. मग मी तुझ्याकडून फोनवर आलेला पत्राचा फोटो दाखवला. त्या उठल्या. भरतीच्या दिवसाचे सगळे कागद त्यांनी काढले.

काचेतून पाहिलं, आत्या. पलंगावर बसून सूप पीत होते. राखाडी स्वेटर. मला बघितल्यावर आधी हसले आणि मग हातवारे करून भांडायलाच लागले की इतके दिवस होतीस कुठे. मी काचेला कपाळ टेकून खाली बसले. केंद्रात जे रडू आलं नव्हतं ते सगळं तिथे आलं.

झालं ते असं. गाडीतला दुसरा माणूस शाळेतला मास्तर होता. दारात उतरवताना एकानं यादी बघून बाबांना विचारलं की मास्तर तुम्हीच का. बाबांनी मान हलवली. मास्तरांच्या नावाची पट्टी बाबांच्या मनगटाला बांधली गेली. मास्तर तोवर बेशुद्ध झाले होते. उरलेली पट्टी त्यांना बांधली, आणि बाबांची पिशवी त्या नावामागे गेली. मी ज्यांच्यासमोर उभी राहून बाबा बाबा करत होते ते मास्तर होते.

आता ऐक. मी पायऱ्या उतरत होते तर दाराशी एक काकू उभ्या होत्या, हातात पुडकं. माझे लाल डोळे बघून त्यांनी लांबूनच विचारलं की कोण आहे आत. मी म्हटलं, वडील. त्यांनी मला धीर दिला. म्हणाल्या की त्यांचा माणूस आठवडाभर अगदी मरणाच्या दारात होता आणि आता चालतोय, रोज दहा वाजता फोनवर रुग्णालयाचा निरोप येतो. त्यांनाही हाच आजार झाला होता, घरी एकट्याच होत्या, पुडकी शेजाऱ्यांकरवी पाठवायच्या. तो निरोप आला की उठायचं, काहीतरी खायचं, औषध घ्यायचं, असे दिवस काढले. काल त्या राखाडी स्वेटरला जुळणारे मोजे घेऊन आल्या होत्या.

आत्या, त्या मास्तरांच्या पत्नी होत्या. रुग्णालयवाले म्हणतात की कागदपत्रांची चौकशी पुरी झाली की दोन दिवसांत कळवू. तोवर दहा वाजता काय निरोप देणार ते? मी काय करू?

तुझी,
लवंगी

---

ता. २, गुरुवार

चि. लवंगीस,
आत्याचे आशीर्वाद.

फोनवर सांगितलं तेच पुन्हा लिहिते, म्हणजे तुझ्या मनात शंका राहणार नाही. तू रुग्णालयवाल्यांना दोन दिवस थांबू दिलं नाहीस हे बरोबर केलंस. त्या बाईनं आणखी एक मोजा विणला असता तर तो आपल्या गळ्यात अडकला असता. मोठ्या नर्सबाईंना घेऊन तू तिच्या दारात गेलीस, हे सोपं नव्हतं. तिनं तुम्हालाच खोटं ठरवलं, सकाळचा निरोप दाखवला, पुन्हा जाऊन बघा म्हणून सांगितलं आणि दार लावलं. तिला राग धरायला कोणीतरी हवं. आपल्यावर धरू दे.

गेले चार दिवस मला हसायला आलं की लाज वाटते आणि रडायला आलं तरी लाज वाटते. माझा भाऊ परत आला, पण तो कुणाच्या दारावरून आला ते मला दिसतंय.

भाऊला सगळं खरं सांग. लिहून सांग, मोठ्या अक्षरात. चष्मा वेगळ्या पार्सलनं पाठवलाय. तो आधी चिठ्ठ्या वाचायला घेईल. त्याआधी सांग.

तुझ्यावर जीव आहे, तो पुरवून घे.

तुझी,
आत्या

---

ता. १९, रविवार

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. जिना एका दमात चढतो. लवंगी अजून आकडे मोजून हात धुवायला लावते, मी निमूट धुतो.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते सुचत नव्हतं. लवंगीनं मला सगळं खरं लिहिलेला कागद दिला तेव्हा मी स्वेटर अंगातून काढला आणि तो कुठे ठेवावा हेच कळेना. पलंगावर ठेवू? खुर्चीवर? ताई, मी फक्त मान हलवली होती. चिठ्ठ्या सात निघाल्या. चष्मा होता, तरी वाचल्या नाहीत. पाकिटात घालून लवंगीकरवी परत केल्या, सोबत दोन ओळी, की यातलं काही मी वाचलेलं नाही आणि मला क्षमा करावी असं म्हणायचा मला हक्क नाही. उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

काल दुपारी मास्तरांच्या पत्नी स्वतः आल्या. अंगणात लांब लांब दोन खुर्च्या टाकल्या. त्यांनी शाळेची पाटी आणि खडू आणला होता. अक्षर बारीक, पण चष्म्यातून स्वच्छ दिसलं. आधी लवंगीकडे बघून लिहिलं, की ती त्या दिवशी स्ट्रेचरसमोर काय बोलली ते सगळं ऐकायचंय. लवंगी बोलत गेली, त्या ऐकत गेल्या. मला दोघींचे नुसते डोळे दिसत होते. शेवटी त्यांनी पाटीवर लिहिलं, की तो एकटा गेला असं वाटत होतं, कुणाच्या तरी लेकीनं त्याला हाक मारली, बरं झालं. मग मला लिहून सांगितलं, की दहा वाजताचा निरोप खोटा होता म्हणून अजून भयंकर राग येतो, पण त्याच्याच जोरावर त्या वाचल्या, हेही खोटं नाही.

पुढे त्यांनी विचारलं, की गाडीत तुम्ही दोघंच होता. त्यांनी माझ्यासाठी काही सांगितलं का?

ताई, ही गाडीतली गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. तापात पाहिलेलं स्वप्न आहे की काय, अशी माझी मलाच शंका होती. मी गुदमरत होतो, हातपाय झाडत होतो. शेजारचा माणूस माझ्याशी बोलत असावा, पण त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी कानाकडे बोट दाखवलं. त्याला स्वतःला धाप लागली होती. तरी त्यानं माझा हात ओढून घेतला आणि तळहातावर बोटानं अक्षरं काढायला लागला. सावकाश, पहिलीतल्या पोराला शिकवावं तशी. आधी लिहिलं, श्वास. मग लिहिलं, हळू. मग रस्ताभर एकच, मी आहे. पुसल्यासारखं करायचा आणि पुन्हा लिहायचा, मी आहे. जन्मभर बोटांनी अक्षरं ओळखलेला माणूस मी, एकही चुकलं नाही.

त्या बाईंना मी काय सांगावं? तुमचं नाव लिहिलं होतं, एवढं म्हटलं असतं तर त्यांच्या मनाला किती बरं वाटलं असतं. ते वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. पण एकदा नुसती मान हलवून मी त्यांचे दोन आठवडे खोटे केले होते. पुन्हा नको. मी खरं सांगितलं, की तुमच्यासाठी काही नाही. मला लिहिलं ते एवढंच. आणि सगळं सांगितलं.

त्यांनी पाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता उठून जातील. त्या उठल्या, पण माझ्याकडे आल्या. आमचा दोघांचाही आजार सरून तीन आठवडे उलटले, म्हणून लवंगीनं अडवलं नाही, फक्त साबण आणि पाणी पुढे केलं. दोघांनी हात धुतले. मग त्यांनी आपला तळहात माझ्यासमोर पसरला.

मी लिहिलं, मास्तरांनी लिहिलं होतं तसंच, सावकाश. मी आहे. प्रत्येक अक्षरावर तिथल्या तिथे रेघ देत गेलो. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. माझं बोट धरलं, पुन्हा सुरुवातीला नेलं, सगळी अक्षरं आधी काढून घेतली आणि शेवटी वरून एकच लांब शिरोरेघ ओढली. मला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण कळलं. मास्तर तशी द्यायचे. गाडीतही तशीच दिली होती, मी विसरलो होतो.

मग त्यांनी मूठ मिटली आणि मिटलेल्या मुठीनंच अंगणाचं फाटक उघडून त्या गेल्या.

तुझी आठवण फार येते. रस्ते उघडले की ये. माया असू दे, माझ्यावर थोडी कमी केलीस तरी चालेल, त्या बाईंना एक पत्र लिही.

तुझा,
भाऊ